डॉ. सुमेधा गायधनींची कडक गाडी

नाशिकला गंगापूर रोडवर सुमेधा गायधनींचा दवाखाना आहे. वेड्यावाकड्या दातांना तारा लावून ते सरळ करायचे, हे तिचं काम. या कामात तिचा हात धरणारं कोणी नाही, असं तिचे पेशंट म्हणतात. तिचं स्वतःचं म्हणणं असं, की दात सरकतात ते आपल्या मर्जीनं, मी नुसती त्यांच्या मागे लागते.

पन्नाशी ओलांडली, लेक संपदा नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. अशा वेळी माणूस काहीतरी नवीन शोधतो. सुमेधाच्या एका मैत्रिणीनं इगतपुरीला जाऊन विपश्यना केली, दुसरीनं गच्चीवर ड्रॅगनफ्रूट लावलं. सुमेधानं लाल रंगाची स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारं, दोनच सीटा, छत मागे दुमडणारं. पिंपळगावच्या एका द्राक्षबागायतदाराची होती ती. गुडघे साथ देईनात म्हणून त्यानं विकायला काढली. विकताना तो म्हणाला, "ताई, गाडी लय गुणाची हाय. फक्त उतरायचं कसं ते ज्याचं त्यानं ठरवायचं." सुमेधाला हा विनोद वाटला होता.

तिचा नवरा चिंतामण कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. तो त्या गाडीत एकदाच बसला. घरी आल्यावर त्याला बाहेर काढायला सोसायटीचा वॉचमन धावत आला. कपडे झटकत चिंतामण म्हणाला, "सुमेधा, माझं तुझ्यावर प्रेम आहे. पण यापुढे उभ्यानंच."

गाडीला खरं गिऱ्हाईक मिळालं ते तिच्या सासऱ्यांच्या रूपानं. अण्णांनी सगळं आयुष्य रामकुंडावर यात्रेकरूंची पूजाअर्चा करण्यात घालवलं, पण तरुणपणी ते जावा मोटरसायकल उडवायचे आणि ती खुमखुमी ऐंशी उलटली तरी गेली नव्हती. रविवारसारखाच सोमवारीही दवाखाना बंद असायचा. सुमेधा छत उघडायची, अण्णा कानाला मफलर गुंडाळून, टोपी मांडीवर घेऊन शेजारी बसायचे आणि दोघं त्र्यंबकेश्वरला दर्शनाला जायची. सातपूर मागे पडलं की अण्णा समोर बघत हळूच म्हणायचे, "दाब की जरा. देव काही वाट बघून दमत नाही, पण मी दमतो."

दर्शन झालं की लगेच परतायचं नाही. तिथून पुढे जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावर थोडं जाऊन यायचं, कारण तिथं वळणं होती. सुमेधाच्या आयुष्यातल्या सगळ्या दुखण्याचा उगम त्या वळणांत झाला. गाडी जुनी होती. वळणावर ती बाहेरच्या बाजूला चांगलीच कलायची, आणि उजवं वळण आलं की सुमेधा दाराकडून अण्णांकडे कलायची, डावं आलं की अण्णा तिच्या खांद्यावर यायचे. अण्णांना त्यात मजा वाटायची. सुमेधाला मात्र तो अपमान वाटला. स्पोर्ट्स कार म्हणवणाऱ्या गाडीनं होडीसारखं डुलावं?

तिनं अभ्यास सुरू केला. एखाद्या पेशंटच्या तोंडात माप घ्यायचा मसाला सुकत असला की ही बाहेर येऊन फोनवर व्हिडिओ बघायची. स्प्रिंगा, शॉकअप, बुश, स्टॅबिलायझर बार असे शब्द तिच्या बोलण्यात यायला लागले. तिनं वाचलेल्या पहिल्याच लेखात स्पष्ट लिहिलं होतं, की आधी टायर बघा, झिजलेले रबरी बुश बदला, चाकांची अलाइनमेंट करून घ्या आणि मगच पुढचा विचार करा. तो परिच्छेद तिनं सोडून दिला. त्यात एकही फोटो नव्हता. पुढच्या पानावर सोनेरी रंगाच्या शॉकअपचा मोठा फोटो होता, तिथे ती थांबली.

आता अशा वेळी माणसाला अडवणारं कोणीतरी भेटावं लागतं. तिला भेटला हर्षल. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं गॅरेज होतं. इंजिनिअर होता, चाकणची नोकरी सोडून आला होता आणि नाशिकमध्ये स्पोर्ट्स कार घेऊन कोणीतरी आपल्याकडे येईल याची बिचारा कित्येक दिवस वाट बघत होता. सुमेधाची लाल गाडी दारात उभी राहिली तेव्हा त्याच्या डोळ्यांत जे आलं ते पाहून सुमेधाला वाटलं, चला, समजणारा माणूस मिळाला. खरं म्हणजे मिळाला होता तो तिच्याइतकाच खुळा माणूस. दोघांपैकी एकाचं जरी त्या दिवशी डोकं शांत असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.

"हर्षल, मला गाडी वळणावर अजिबात कलायला नको," सुमेधा म्हणाली.

"अजिबात?"

"अजिबात म्हणजे अजिबात."

"मग मॅडम, कडक स्प्रिंगा टाकू. थोड्या आखूड. गाडी खाली पण येईल आणि दिसेल पण एक नंबर."

गाडी खाली आली. दिसायलाही लागली एक नंबर. सोसायटीत आणून उभी केली तेव्हा चिंतामणनं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि काळजीनं विचारलं, "बसली का गं ही?"

गंगापूर रोडवरचा प्रत्येक स्पीडब्रेकर आता सुमेधाला ओळखायला लागला. गाडी सरळ नेली की पोट घासायचं, म्हणून ती तिरकी न्यायची, आणि तिरकी नेली की मागचे रिक्षावाले आपापल्या परीनं तिचं कौतुक करायचे. शिवाय एक नवीन तऱ्हा सुरू झाली होती. खड्डा एकदा यायचा, पण गाडी पुढे बराच वेळ उड्या मारत राहायची. जुन्या थकलेल्या शॉकअपना त्या दांडग्या स्प्रिंगा आवरेनात. यावरून एखाद्या शहाण्या बाईनं काय ओळखलं असतं? सुमेधानं ओळखलं, की आता सोनेरी शॉकअप घ्यायला हवेत.

ते आले. त्यांच्या डोक्यावर एक नॉब होता, मऊ-कडक करायला. हर्षल म्हणाला, मधे ठेवून बघूया. सुमेधानं स्वतः वाकून चारही नॉब कडकच्या बाजूला, हातानं फिरतील तिथपर्यंत पिळले. नॉब शेवटपर्यंत फिरतो, याचा अर्थ तो शेवटपर्यंत फिरवायचा असतो, असं तिचं त्या काळातलं तत्त्वज्ञान होतं. हर्षललाही ते पटलं. मग दोघांनी मिळून मागच्या बाजूला जाड स्टॅबिलायझर बार, म्हणजे गाडीला कलू न देणारी दांडी, लावला, कारण आता एवढं केलंच आहे तर.

मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या उड्डाणपुलावर सुमेधानं गाडी घातली आणि ती पाटासारखी सपाट वळली. जराही कलली नाही. सुमेधाला आनंदानं भरून आलं. तो आनंद उड्डाणपूल होता तेवढाच टिकला. पूल उतरल्यावर नाशिकचे रस्ते होते.

कुंभमेळ्याच्या तयारीसाठी त्या वर्षी त्र्यंबक रस्ता जागोजाग उकरलेला होता. सोमवारी अण्णा नेहमीसारखे मफलर गुंडाळून बसले. सातपूर आलं, गेलं. अण्णा बोलले नाहीत. महिरावणी गेलं. अण्णांनी एक हात दाराच्या कडीवर आणि दुसरा मांडीवरच्या टोपीवर ठेवला होता, आणि डोळे मिटून ते काहीतरी पुटपुटत होते. सुमेधाला वाटलं, देव जवळ आला म्हणून स्तोत्र म्हणताहेत. प्रत्येक खडा तिच्या कण्यातून वर चढत होता, पण स्पोर्ट्स कार म्हटली की एवढं सोसावं लागतं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. अंजनेरीच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी अशी आदळली, की तिच्या स्वतःच्या दाढेवरची कॅप सुटून जिभेवर आली. दाताच्या डॉक्टरनं उरलेला रस्ता एक हात गालावर ठेवून चालवला. दुसऱ्या दिवशी तिला आपल्याच बॅचच्या एका डॉक्टरकडे तोंड उघडून बसावं लागलं.

"काय खाल्लंस एवढं?" त्यानं विचारलं.

"चिक्की," सुमेधा म्हणाली.

पुढच्या सोमवारी अण्णा म्हणाले, आज एकादशी आहे, राहू दे. एकादशीला दर्शन चालत नाही हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं, पण अण्णा रामकुंडावरचे, त्यांना माहीत असणार. त्याच्या पुढच्या वेळी त्यांचा गुडघा दुखत होता. मग एका सोमवारी त्यांना पंचांग बघायचं होतं. सुमेधा एकटीच निघाली. सातपूरच्या सिग्नलला थांबली, तर शेजारी शहर बस येऊन उभी राहिली. गाडी आता इतकी खाली आली होती, की सुमेधाच्या डोळ्यांसमोर बसचं चाकच होतं. तिनं सहज मान वर केली. खिडकीत अण्णा बसले होते. मफलर गुंडाळलेला, टोपी मांडीवर.

त्यांनीही तिला पाहिलं.  मग अण्णांनी आशीर्वादाला करतात तसा हात वर केला. सिग्नल सुटला आणि बस पुढे गेली.

संध्याकाळी तिनं त्यांना चहा नेऊन दिला. "अण्णा, मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं?" अण्णा कपात बघत म्हणाले. "तू इतक्या हौसेनं करून घेतलंस. म्हटलं, हिचा हिरमोड नको. आणि बसमध्ये गर्दी नसते हल्ली सोमवारी. गाद्या पण बऱ्या असतात."

सुमेधाला लागलं. पण माणूस एकदा चुकीच्या बाजूला वळला की लागलेलं सुद्धा त्याच बाजूला लागतं. तिनं मनात म्हटलं, अण्णांचं वय झालं, त्यांना आता आराम हवा. आपल्याला हाताळणी, म्हणजे वळणावर पक्की पकड, हवी आहे. आरामाचं आणि हाताळणीचं वैर असतं, हे तिनं तीन वेगवेगळ्या व्हिडिओंत ऐकलं होतं. तिन्ही एकाच माणसाचे होते.

त्यात हर्षलनं बातमी आणली. शहराबाहेर एका मोठ्या आवारात हौशी लोकांची स्पर्धा होती. रबरी कोन मांडून वळणावळणाचा मार्ग केलेला, त्यातून एकेकानं गाडी काढायची, कमी वेळ लागेल तो जिंकला. सुमेधानं नाव दिलं. दवाखान्याच्या दारावर सुट्टीची पाटीही लावली, जरी त्या दिवशी रविवार होता.

चिंतामण टोपी घालून, थर्मास घेऊन बघायला आला. लाल गाडी आवारात शिरली तशी माणसं भोवती जमली. कोणी सोनेरी शॉकअप वाकून पाहिले, कोणी फोटो काढले. सुमेधानं हर्षलकडे बघितलं, हर्षलनं सुमेधाकडे. त्या दोघांच्या कीर्तीचा तो शिखरबिंदू होता आणि तो गाडी उभी असतानाच येऊन गेला.

तिच्या आधी निकिता नावाच्या मुलीचा नंबर होता. सिन्नरच्या एका औषध कंपनीत ती कामाला होती आणि तिची गाडी म्हणजे चारचौघांच्या घरी असते तशी साधी छोटी गाडी. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची तशीच बांधलेली. ती गाडी प्रत्येक वळणाला लाजल्यासारखी कलायची आणि कोनाला वळसा घालून मुकाट पुढे जायची. सुमेधाला तिची कीव आली.

मग सुमेधा निघाली. आवारातलं काँक्रीट जुनं होतं, फरशा वरखाली झालेल्या. पहिलं वळण तिनं झोकात घेतलं. दुसऱ्या वळणात मागची चाकं एका सांध्यावरून उडाली आणि खाली आली तेव्हा ती सुमेधा सांगेल तिकडे जायच्या मनःस्थितीत नव्हती. गाडीचं ढुंगण पुढे आलं, तोंड मागे गेलं, आकाश, माणसं, चिंतामण, थर्मास, पुन्हा आकाश असं सगळं सुमेधाच्या समोरून गेलं आणि कोनांची एक आख्खी रांग आडवी करून गाडी थांबली. तोंड जिथून निघाली त्याच दिशेला होतं. तिनं मान ताठ ठेवून तशीच गाडी परत आणली. येताना खरखर आवाज येत होता. एक कोन गाडीच्या पोटाखाली अडकला होता, आणि गाडी इतकी खाली होती की तो काढायला जॅक लावावा लागला. सगळे जमून बघत होते. हर्षल गाडीखाली गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. कोन मोकळा होऊनसुद्धा.

निकितानं तिला पाणी आणून दिलं. "मॅडम, लागलं नाही ना? टायर कधीचे आहेत हो तुमचे?"

"गाडीबरोबरचे," सुमेधा म्हणाली, आणि वाकून त्या टायरकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. रबर वाळलेल्या चपलेसारखं झालं होतं. बाजूला बारीक भेगा पडल्या होत्या.

परतताना चिंतामण रिक्षानं आला. 

दोन-तीन दिवसांनी दवाखान्यात वैष्णवी नावाची मुलगी आली. पतसंस्थेत नोकरी, लग्न ठरलेलं. तारा लावून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, जरा जास्त घट्ट करा ना. दुखलं तरी चालेल. लवकर सरळ होतील."

हे वाक्य सुमेधा रोज ऐकायची आणि त्याचं उत्तर तिला झोपेतही देता आलं असतं. "असं होत नाही गं," ती हातमोजे उतरवत म्हणाली. "जास्त जोर लावला की दात पळत नाही, उलट अडून बसतो. मुळालाही इजा होते. हलका जोर लावायचा, दाताला त्याच्या हाडात धरून ठेवायचं आणि हळूहळू न्यायचं. कडक तार घालणं सगळ्यात सोपं असतं, कुठला तरी नवशिका..."

तिथे ती थांबली.

"काय झालं, मॅडम?" वैष्णवीनं घाबरून विचारलं. तिला वाटलं, आपल्याच तोंडात काहीतरी निघालं.

"काही नाही. तुझं सगळं ठीक आहे," सुमेधा म्हणाली. पंचवीसेक वर्षं ती हेच लोकांना सांगत आली होती, तेही फी घेऊन. आणि स्वतःच्या गाडीला तिनं काय केलं होतं? प्रत्येक खड्ड्याला जमिनीवरून उडणारं चाक. जे चाक जमिनीवर नाही, ते वळवणार तरी काय? त्या दिवशी तिनं स्वतःला मनातल्या मनात ज्या पदव्या दिल्या, त्या दवाखान्याच्या पाटीवर लिहिण्यासारख्या नव्हत्या.

दुपारी तिनं हर्षलला फोन केला. "हर्षल, आपण फार कडक केली रे गाडी."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. "मॅडम, मला पण तसं वाटत होतं. पण म्हटलं, तुम्ही डॉक्टर. तुम्ही अभ्यास केला असेल."

"आणि मी म्हणत होते, तू इंजिनिअर आहेस."

हर्षललाच आधी हसू फुटलं.

पुन्हा काम निघालं, पण या वेळी हळूहळू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि त्याच रस्त्यावर जाऊन बघायची, असं सुमेधानं ठरवलं. पेशंटच्या बाबतीत ती असंच वागायची. आधी नवे टायर आले, आणि निम्मं दुखणं तिथेच गेलं. मग आतले फुटलेले रबरी बुश बदलले. स्टिअरिंगमध्ये इतके दिवस जो ढिलेपणा होता तो नाहीसा झाला. आखूड स्प्रिंगा काढल्या आणि कंपनीच्या मापाच्या, जेमतेम थोड्या टणक अशा घातल्या. गाडी पुन्हा आपल्या उंचीवर आली, तेव्हा चिंतामण म्हणाला, "उठली वाटतं." जाड बार काढून जुनाच परत लावला. सोनेरी शॉकअप तेवढे ठेवले, कारण ते चांगले होते. चूक त्यांची नव्हती. नॉब मात्र या खेपेला मऊ बाजूनं सुरू केले आणि गाडी उड्या मारायची थांबली तिथे सोडले. शेवटी चाकांची अलाइनमेंट.

गाडी वळणावर आता थोडी कलायची. कलायची आणि तिथेच स्थिर व्हायची, खुर्चीत नीट बसलेल्या माणसासारखी, आणि मग सांगाल तिकडे जायची. पुढच्या स्पर्धेत सुमेधा पुन्हा उतरली. निकिताच्या खूपच मागे राहिली, पण मधे कुठेतरी आली आणि सगळे कोन उभे ठेवून आली. चिंतामणनं टाळ्या वाजवल्या. त्याला एवढंच अपेक्षित होतं.

मग एका सोमवारी तिनं अण्णांना विचारलं. विचारताना तिची नजर उगाच देवघराकडे होती. "अण्णा, येता का आज? गाडी जरा मऊ केली आहे."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. "येतो की," ते म्हणाले, आणि आत जाऊन एक उशी घेऊन आले. "राहू दे बरोबर. असावी."

रस्ता अजून उकरलेलाच होता. एका बाजूला खडीचे ढीग, मधेच वळण, मधेच धूळ. सुमेधा गाडी जपून पण झोकात काढत होती. दर्शन झालं. पुढे जव्हारच्या रस्त्यावर ती वळली. पहिल्या वळणाला तिनं गाडी आत घातली, गाडी हलकेच कलली, धरून राहिली आणि सरळ बाहेर आली. दुसरं त्याहून सुरेख गेलं. तिसऱ्यात मधोमध डांबर उखडलेलं होतं, तरी चाकांनी रस्ता सोडला नाही. आयुष्यात इतकी छान गाडी आपण कधीच चालवली नाही, असं तिला वाटलं. अण्णा आता काहीतरी म्हणतील म्हणून ती वाट बघत राहिली. पुढच्या वळणानंतर तिनं तोंड वळवून बघितलं.

अण्णा झोपले होते. उशी मानेखाली, टोपी मांडीवर, तोंड जरासं उघडं. त्यांच्या त्या उघड्या तोंडाकडे सुमेधानं सवयीनं पाहिलं, कवळी जागेवर आहे ना याची खात्री केली आणि उरलेली सगळी वळणं एकटीनं, कोणी बघत नसताना, एकाहून एक सुंदर घेतली.

परत येताना सातपूरच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा अण्णांना जाग आली. त्यांनी मफलर सारखा केला, इकडेतिकडे पाहिलं.

"आलो का गं? कळलंच नाही. रस्ता नवीन केला वाटतं."

सुमेधानं तोंड उघडलं. स्प्रिंगा, शॉकअप, बुश, सगळं तिच्या ओठांवर आलं होतं.

"हो अण्णा," ती म्हणाली. "केलाय नवीन."